नाळे बा

गेल्या दिवाळीनंतर आम्ही बेंगळुरूतल्या बेंगळुरूत घर बदललं. बीटीएम लेआउटमधून एचएसआर लेआउटमध्ये. नकाशावर हे अंतर इतकं किरकोळ आहे की मिरजेत असतो तर गाद्या डोक्यावर घेऊन आलो असतो. पण मध्ये कायम तुंबलेला सिल्क बोर्डचा चौक लागतो, त्यामुळे टेम्पोवाल्याने परगावचं भाडं लावलं. सामान बांधताना माळ्यावरच्या एका खोक्यात माझ्या जुन्या डायऱ्या निघाल्या. एकूण अकरा. सगळ्या फुकट मिळालेल्या, सगळ्यांच्या पहिल्या पानावर एक जानेवारीची यादी, आणि नऊ-दहा जानेवारीनंतर सगळ्या कोऱ्या करकरीत. रद्दीवाल्याने त्या चाळून पाहिल्या, माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि रद्दीचा भाव न लावता वह्यांचा लावला.

याद्या साधारण सारख्याच. पहाटे पाचला उठणे. साखर बंद. रोज व्यायाम. रोज दहा पानं वाचन. रागावणे कमी (हे बायकोच्या अक्षरात आहे). आणि शेवटी, न चुकता, कानडी. हे एक कलम मात्र वर्षागणिक बदलत गेलेलं दिसतं. २०१० साली 'कानडी शिकणे' असं ठणठणीत वाक्य आहे. २०१३ साली आदराने 'कन्नड शिकणे' झालं. २०१७ साली 'कन्नड : रोज ५ शब्द'. २०२१ साली 'कन्नड : रोज १ शब्द'. आणि २०२३च्या डायरीत नुसतं 'कन्नड???' असं लिहून पुढे चहाच्या कपाचा गोल डाग आहे. मी २००९ साली या शहरात आलो. या सगळ्या वर्षांत मी सातत्य राखलं ते एकाच गोष्टीत, यादी करण्यात.

यात माझा एकट्याचा दोष नाही, असं शास्त्र म्हणतं. हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघांनी २०१४ साली दाखवून दिलं की आठवड्याचा पहिला दिवस, महिन्याची एक तारीख, नवं वर्ष किंवा आपला वाढदिवस आला की माणसं गुगलवर 'डाएट' शोधायला लागतात आणि व्यायामशाळेत दिसायला लागतात. जुना नालायक मी तिकडच्या वर्षात राहिला, हा इकडचा मी कोरा, असं वाटतं म्हणे. त्या बिचाऱ्या अमेरिकनांना वर्षाला एकच एक जानेवारी. आपल्याकडे एक जानेवारी हुकली तर गुढीपाडवा आहे, तो गेला तर अक्षय्य तृतीया, मग दसरा, मग दिवाळीचा पाडवा. आयटीत असाल तर एक एप्रिलला अप्रेझलचं वर्ष सुरू होतं ते वेगळंच. नापास होण्याच्या इतक्या संधी दुसऱ्या कुठल्या संस्कृतीने दिल्या असतील असं वाटत नाही.

शिवाय आपल्या भाषेनेच पळवाट ठेवलेली आहे. सत्यनारायणाला बसलं की गुरुजी हातावर पळीभर पाणी घालतात, गोत्र, गाव, तिथी सगळं म्हणून घेतात आणि सांगतात, ''हं, सोडा.'' आपण ताम्हनात पाणी सोडतो. याला संकल्प सोडणे म्हणतात. जगात इतरत्र लोक संकल्प आधी करतात आणि नंतर सोडतात. आपण करतानाच सोडून मोकळे होतो. मध्ये पंधरा दिवस उगाच जिमची फी भरत नाही.

मी भरली. तेही वर्षाची एकरकमी, कारण महिन्याच्या हिशेबाने ती महाग पडत होती. स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर नावाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमक्या याच विषयावर निबंध लिहिला आणि त्याचं नावच 'जिमला न जाण्यासाठी पैसे मोजणे' अशा अर्थाचं ठेवलं. त्यांनी अमेरिकेतल्या जिमची हजेरीपुस्तकं तपासली. दरमहा सत्तर डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-सव्वाचार वेळा येत होते, म्हणजे एका खेपेला सतरा डॉलर पडत होते. आणि त्याच जिममध्ये दहा डॉलरला एक खेप या दराने पास मिळत होता! हे वाचून मी माझा हिशेब काढला. फी अठरा हजार. मी गेलो नऊ वेळा. त्यातली एक खेप विसरलेला टॉवेल आणायला होती. एका खेपेला दोन हजार. एवढ्या पैशात मला उचलून धावायला एखादा माणूस लावता आला असता.

माझ्या कार्यालयात मात्र बदल हा विषय फार गंभीरपणे घेतात. दर वर्षी प्रत्येकाला 'वैयक्तिक विकास आराखडा' भरायचा असतो. त्यात 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' हा प्रश्न असतो. आउटर रिंग रोडवर राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न भौगोलिक वाटतो. २०१९ सालच्या टॉमटॉमच्या यादीत वाहतूक-कोंडीत बेंगळुरूचा जगात पहिला नंबर आला होता; तेव्हा पाच वर्षांनी मी स्वतःला इब्बलूरच्या सिग्नलला पाहतो, असं उत्तर मी एकदा टाइप केलं होतं. मग पुसलं आणि 'नेतृत्वाच्या भूमिकेत' असं लिहिलं.

मागच्या वर्षी या आराखड्यासाठी आम्हाला नंदी हिल्सच्या पायथ्याशी एका रिसॉर्टवर नेलं. तिथे एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी फळ्यावर एक लहान वर्तुळ काढलं आणि त्यात 'कम्फर्ट झोन' लिहिलं. बऱ्याच लांब दुसरं मोठं वर्तुळ काढलं, त्यात 'इथे जादू घडते' असं लिहिलं. मग पडद्यावर सुरवंटाचं फुलपाखरू झालं. दोनदा झालं, कारण पहिल्यांदा आवाज आला नव्हता.

माझं लक्ष उडालं ते फुलपाखराने नव्हे, सिल्क बोर्डमुळे. त्या चौकाला ते नाव तिथल्या केंद्रीय रेशीम मंडळाच्या कार्यालयावरून पडलेलं आहे, आणि तिथे रोज तासभर अडकून पडल्यामुळे मी रेशमाचा थोडा अभ्यास केलेला आहे. रेशमाची अळी खाते, फुगते, स्वतःभोवती कोश विणते आणि आत शांतपणे पतंग होत बसते. पण पतंग कोश फोडून बाहेर आला तर धागा तुटतो. म्हणून बहुतेक कोश त्याआधीच उकळतात. धागा अख्खा निघतो. अळीचं वैयक्तिक परिवर्तन नव्वद टक्क्यांवर थांबतं, पण साडी उत्तम होते. मी हे चहाच्या सुट्टीत प्रशिक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, ''इंटरेस्टिंग पर्स्पेक्टिव्ह.'' माझ्या आराखड्यात 'सकारात्मकता वाढवणे' हे कलम त्यानंतर आलं.

त्याच प्रशिक्षकांनी एकवीस दिवसांचा मंत्र दिला. कुठलीही गोष्ट एकवीस दिवस सलग केली की तिची सवय होते. हा आकडा कुठून आला ते ऐकण्यासारखं आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन होते. नाक बदललेल्या माणसाला आरशातल्या नव्या नाकाची सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं, आणि ते त्यांनी १९६०च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. त्यातलं 'कमीत कमी' गळून पडलं, नाकही गळून पडलं, एकवीस उरले. पुढे लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ माणसांवर रीतसर प्रयोग केला, तेव्हा सरासरी निघाली ६६ दिवसांची. कुणाला १८ दिवस पुरले तर कुणासाठी २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मी २५४ वाला आहे हे मला वाचताक्षणीच कळलं. डायरीत आमची मजल नऊ जानेवारीपर्यंत. म्हणजे उरले २४५.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, ''अरे, मनात आणलं तर माणूस काय करत नाही! रजनीकांतकडे बघ.''

बेंगळुरूतल्या मराठी माणसाला रजनीकांत हा विषय म्हणजे घरचं कार्य. चार मराठी डोकी जमली की तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी आवाज खाली करून सांगतं, ''आपला आहे तो. शिवाजीराव गायकवाड.'' खरंच आहे. १२ डिसेंबर १९५० रोजी याच शहरात मराठी घरात जन्म, वडील पोलीस खात्यात कॉन्स्टेबल, आणि हे स्वतः बीटीएसच्या, म्हणजे इथल्या शहर बससेवेच्या, बसमध्ये कंडक्टर. १९७३ साली मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेले, १९७५ साली के. बालचंदरांच्या 'अपूर्व रागंगळ'मध्ये दिसले, आणि पुढचं सांगायला नको. घरी मराठी, रस्त्यावर कानडी, धंद्याला तमिळ. मी इथे 'एष्टु?' म्हणजे 'किती?' एवढ्या एका शब्दावर बाजार करतो आणि उत्तर आलं की बोटांवर दाखवा म्हणतो.

पण प्रेरणादायी भाषणांत ही गोष्ट सांगतात तेव्हा एक माणूस हटकून गाळतात. राज बहादूर. ते त्याच बसचे ड्रायव्हर. तू नट हो, मद्रासला जा, म्हणून मागे लागले ते हे. शिकत असताना पैशांची मदत केली तीही यांनीच. २०२१ साली दादासाहेब फाळके पुरस्कार घेताना रजनीकांतनी गुरू बालचंदर आणि थोरल्या भावाबरोबर या मित्राचंही नाव भर समारंभात घेतलं. वक्त्यांच्या गोष्टीत मात्र कंडक्टर एकटाच दरवाजात उभा असतो, त्याची इच्छाशक्ती पोलादी असते आणि बस आपोआप चालते. माझं म्हणणं एवढंच की माझ्यात कमी इच्छाशक्तीची नाही, ड्रायव्हरची आहे. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ''अरे, मी गेली अठरा वर्षं काय करतेय मग?''

यावर काय बोलणार?

फेब्रुवारीत माझे वडील, आप्पा, आले, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने. आल्या दिवशी मी पाहिलं की त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तपकिरीची डबी नाही. पंचेचाळीस वर्षं ही डबी त्यांच्याबरोबर होती. आईने तिच्यावर शपथा घातल्या, डॉक्टरांनी दम दिला, मी नाकाच्या कॅन्सरवरच्या लेखांची कात्रणं काढून पाठवली. ते कात्रणावर तपकीर काढून घ्यायचे.

''आप्पा, तपकीर सोडली?''

''सोडली कुठे? आणायची राहिली.''

झालं होतं असं की रस्ता रुंद करताना त्यांच्या नेहमीच्या दुकानदाराचं दुकान गेलं. तो माल दुसरीकडे मिळायचा, पण त्यासाठी रेल्वेलाइन ओलांडून पलीकडे जावं लागणार. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता चार महिने झाले. एकदा शिंक आली नाही म्हणून आठवण झाली, तेवढीच. ना संकल्प, ना डायरी, ना एकवीस दिवस. मानसशास्त्रात याला आधार आहे. वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. जिथे भोवतालची मांडणी बदलली, तिथे जुन्या सवयी मोडल्या. जिथे ती तशीच राहिली, तिथे सवयीही राहिल्या. सवय माणसाच्या अंगात कमी आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जास्त राहते, असा त्याचा मी अर्थ घेतला. घर बदलताना मला याच गोष्टीकडून फार आशा होत्या. जुन्या घराखाली अय्यंगार बेकरी होती आणि तिथला खारा बन व हनी केक माझ्या रक्तात उतरलेला होता. नव्या घराखाली ती नाही. दोन आहेत.

आप्पांना दुसऱ्या दिवशी लालबागेत नेलं. पाचला ते आपोआप उठतात. मी त्यांच्यामुळे उठलो. तिथे केंपेगौडांच्या बुरुजाखाली तो मोठा खडक आहे, सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. त्यावर बसून आप्पांनी पाय पसरले आणि म्हणाले, ''हे बरं आहे.'' बदल हाच निसर्गाचा नियम आहे असं नंदी हिल्सला ऐकून आल्यापासून मला या खडकाबद्दल फार आपुलकी वाटते. खाली दमलेली माणसं मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत फिरत होती. त्यांतली निम्मी फाटकाबाहेर पडून थेट डोशाला जाणार होती. हे मला ठाऊक आहे कारण त्यांच्यामागे रांगेत मी असतो.

खरा धक्का घरी आल्यावर बसला. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्का विजयपूरकडच्या, म्हणजे आपल्या विजापूरच्या. चार वर्षं त्या येतात आणि चार वर्षं आमचा संवाद 'भाजी?', 'भेंडी', 'ओके', एवढ्यावर चालला आहे. आप्पा स्वयंपाकघरात गेले आणि आतून 'हौद्री', 'यान्री' अशी धो धो कानडी ऐकू येऊ लागली. मिरजेच्या बाजारात जन्म गेलेल्या माणसाला ती येणारच, पण मला ते कधी सुचलंच नव्हतं. अर्ध्या तासात आप्पांना अक्कांच्या मुलाची नोकरी, सुनेचं माहेर, गावाकडची ज्वारी आणि पाऊस, सगळं कळलं होतं. मीही मधे तोंड घालून म्हटलं, ''अक्का, आप्पांना तूप स्वल्प घाला, स्वल्प.''

आप्पांनी वळून बघितलं. ''तुला कानडी कधी यायला लागली?''

मला येत नाही. पण त्यांनी म्हटल्यावर मी स्वतःकडे जरा बघितलं. चहा सुटून फिल्टर कॉफी कधी लागली ते आठवत नाही. हॉटेलात दोघांत एक 'बाय-टू' मागवायला मला पूर्वी लाज वाटायची. हल्ली पूर्ण कप मागवणारा माणूस मला उधळ्या वाटतो. आमटीत गूळ जरा जास्त पडतो. ठेच लागली तर मी 'अय्यो' म्हणतो, 'आई गं' नाही. रांगेत कुणी मधे घुसलं तर पूर्वी मिरजेपर्यंत ऐकू जाईल असा आवाज चढायचा, आता मी सरकून जागा करतो. या शहराचं ब्रीदवाक्यच आहे, 'स्वल्प अड्जस्ट माडी', थोडं सांभाळून घ्या. बसच्या बाकावर तिघांत चौथा बसताना हे म्हणतो, भाडं वाढवताना घरमालक हे म्हणतो, आणि ऐकणारा खरोखर सरकतो. अकरा डायऱ्यांतली एकही गोष्ट झाली नाही. जे काही झालं ते कुठल्याच डायरीत नव्हतं. संकल्पाने जे सोळा वर्षांत जमलं नाही ते स्वल्पाने माझ्या नकळत उरकून टाकलं होतं, आणि मी कुणीतरी वेगळाच होऊन बसलो होतो. मला विचारलंही नाही.

डॅनियल गिल्बर्ट आणि मंडळींनी २०१३ साली एकोणीस हजारांवर लोकांना विचारलं होतं की मागच्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि पुढच्या दहांत किती बदलाल. सगळ्या वयांच्या लोकांनी सांगितलं की मागे पुष्कळ बदललो, पण आता जे काही व्हायचं ते होऊन चुकलं. अठराच्या पोराचंही हेच मत आणि साठीच्या बाईचंही. हे वाचल्यापासून मी आरशात स्वतःकडे जरा भाडेकरूकडे बघावं तसा बघतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आप्पांना अक्कांनी एक भुताची गोष्ट सांगितली आणि आप्पांनी ती मला सांगितली. नव्वदच्या दशकात कर्नाटकात, बेंगळुरूतही, एक अफवा उठली होती. रात्री एक हडळ गल्लोगल्ली फिरते आणि घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. दार उघडलं की संपलं. त्यावर लोकांनी उपाय काढला. दारावर, भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहायचं : नाळे बा. उद्या ये. हडळ येते, वाचते, परत जाते. दुसऱ्या रात्री येते, पुन्हा वाचते, पुन्हा परत जाते. २०१८च्या 'स्त्री' या हिंदी सिनेमात 'कल आना' लिहिलेल्या ज्या भिंती आहेत, त्या या अफवेवरूनच आलेल्या.

आप्पा हसत होते. मला हसू येईना. माझ्या अकराही डायऱ्यांवर मी दुसरं काय लिहिलं होतं? व्यायाम दारात येऊन उभा राहतो, नाळे बा. कानडी दार वाजवते, नाळे बा. ती बिचारी सोळा वर्षं रोज येऊन वाचून परत जाते आहे. उद्याचा जो मी आहे तो फार कर्तबगार आहे, तो सगळं करील, अशी माझी ठाम समजूत. हॅल हर्शफील्ड या मानसशास्त्रज्ञाने यावर एक युक्ती काढली होती. २०११ साली त्याने तरुण मंडळींना त्यांचेच म्हातारपणचे चेहरे संगणकावर करून दाखवले. ते पाहून ती निवृत्तीसाठी जास्त पैसे बाजूला टाकायला तयार झाली. मीही मोबाइलवर माझा चेहरा म्हातारा करून पाहिला. आप्पा दिसले. पाचला उठणारे, तपकीर सुटलेले, अस्खलित कानडी बोलणारे आप्पा. म्हणजे सगळं आपोआपच होणार आहे की! माझी काळजी मिटली, त्यामुळे तो उपाय वाया गेला.

पण रात्री झोप येईना तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ती पाटी लिहिणाऱ्या लोकांनी हडळीला 'कधीच येऊ नको' असं लिहिलं नव्हतं. तसं लिहिलं असतं तर ती चिडली असती. त्यांनी फक्त आजचं उद्यावर ढकललं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ पासून दारुड्यांना हेच सांगत आलं आहे; जन्मभराची शपथ नको, फक्त आजचा दिवस पिऊ नका. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, त्यामुळे हे 'फक्त आजचा दिवस' आपल्याकडेही कानावर पडलेलं आहे. दारूला नाही म्हणायचं नाही, नाळे बा म्हणायचं. पाटी चांगलीच होती. मीच ती चुकीच्या दाराला लावत होतो.

आमच्याकडे हडळ कोणती, हे उघड होतं. रात्री साडेदहा वाजता मला आइस्क्रीमची आठवण होते आणि दहा मिनिटांत कुणीतरी मुलगा ते दारात आणून देतो. सगळा मोह मुख्य दरवाजातून येतो. दुसऱ्या दिवशी मी कन्येला कामाला लावलं. तिला शाळेत कानडी आहे. तिने कार्डशीटवर लाल स्केचपेनने तीनच अक्षरं, पण टपोरी, काढली, कडेने हडळही काढली, आणि आम्ही ते दाराच्या बाहेरून चिकटवलं. आप्पांना बोलता येतं पण कानडी लिपी वाचता येत नाही. त्यांनी हडळीच्या केसांचं कौतुक केलं आणि त्याच संध्याकाळी ते गाडीने परत गेले. बायको चार दिवसांसाठी पुण्याला माहेरी गेली. घरात मी, कन्या आणि माझा नवा स्वभाव.

पहिल्या रात्री साडेदहाला आइस्क्रीम आलं. मागवलं मीच होतं, पण ती परीक्षा होती. मुलगा दारात आला, पाटीकडे बघितलं, हसला आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी विचारलं, ''पढ़ा नहीं?'' तो म्हणाला, ''सर, हम असम से हैं.'' दुसऱ्या रात्री आला तो ओडिशाचा. तिसऱ्या रात्रीचा बिहारचा, त्याने हडळीचा फोटोही काढून घेतला.

त्याच तीन दिवसांत अक्का मात्र आल्या नाहीत. पहिल्या सकाळी मी वाट पाहिली. दुसऱ्या सकाळी मनात म्हटलं, दांडी मारायची तर निदान कळवायचं. दुपारी बाहेरून डोसे, रात्री बाहेरून पुलाव, आणि साडेदहाला जे यायचं ते. तिसऱ्या दिवशी बायकोचा पुण्याहून फोन आला. ''अरे, अक्कांचा मला फोन आला होता. तू त्यांना काय बोललास?''

''मी? मला बोलता कुठे येतं?''

''मग बोल आता. फार चिडल्यात. नंबर पाठवते.''

मी फोन लावला. पलीकडून जे आलं त्यातलं मला निम्मं कळलं, पण निम्मं कळलं हेच नवल. अक्का तिन्ही सकाळी आल्या होत्या. दारावर वाचलं, आणि परत गेल्या. या मजल्यावर त्यांच्याशिवाय कानडी वाचणारं आहे कोण? तेव्हा निरोप त्यांनाच होता हे उघड होतं. उद्या ये म्हटलंय तर उद्या येऊ, म्हणून दुसऱ्या दिवशी आल्या. तर पुन्हा तेच. बाजूला जे चित्र काढलंय ते कुणाचं आहे हेही त्यांना कळलं होतं. आणि खरा राग वेगळाच होता. चार वर्षं काम करतेय, आणि 'बा'? लहान पोराला म्हणावं तसं 'बा'? 'बन्नी' लिहायला काय झालं होतं, 'या' म्हणायला?

माझ्या सगळ्या मराठी शरीराला घाम फुटला. सोळा वर्षांत ऐकलेलं, गिळलेलं, बसमध्ये कानावरून गेलेलं जे काही होतं ते एकदम तोंडात आलं. ''अक्का, निमगे अल्ला! निमगे अल्ला अक्का! तप्पायितु! इवत्ते बन्नी, इवत्ते!'' तुम्हाला नव्हतं हो, चूक झाली, आजच या. सलग चार वाक्यं. मी स्वतःच थक्क होऊन भिंतीला टेकलो. कन्या वहीतून मान वर काढून माझ्याकडे बघत राहिली.

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग अक्कांचा आवाज एकदम निवळला.

''पर्वागिल्लरी,'' त्या म्हणाल्या. ''नाळे बर्तेन्री.''